आरारुटाच्या पुरचुंडीतला बर्फ

प्रिय शंकासुरास, सप्रेम नमस्कार.

कर्र-कुर्र. ओळखलास का रे हा आवाज? चौथीच्या वर्गात, खिडकीशेजारच्या आपल्या बाकावर, मास्तरांनी आरारुटाची पुरचुंडी आधी माझ्या कानाशी धरून दाबली आणि मग तुझ्या. बर्फावर पाऊल पडलं की अगदी हाच आवाज येतो, असं ते म्हणाले. मी डोळे मिटून घेतले. तू मात्र हात वर करून विचारलंस, "मास्तर, तुम्ही बर्फ कुठे पाहिलात?" त्या दिवसापासून तू शंकासुर झालास आणि मी कविराज. (मास्तरांनी ठेवलेली नावं आईबापांनी ठेवलेल्या नावांपेक्षा जास्त टिकाऊ निघाली.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघे, दात, कानातलं यंत्र सगळं जागच्या जागी आहे ना? फोनच करणार होतो, पण फोनवर तुझं यंत्र शिट्टी मारायला लागतं आणि मग आपण दोघंही त्या शिट्टीशीच बोलत बसतो. म्हणून पत्र. वहिनींना नमस्कार सांग.

तर बातमी अशी, की मुलगा आणि सूनबाई बर्फावरून घसरायला निघालेत आणि मलाही नेणार आहेत. तुला इतके दिवस बोललो नाही, कारण तू हसला असतास. मला या वयात घसरायचं नाही. घसरायला आमच्या न्हाणीघराची फरशी पुरेशी आहे. मला फक्त चार पावलं टाकायची आहेत आणि ऐकायचं आहे. मास्तर खरे की तू खरा, हे एकदाचं समजू दे.

काल-परवापासून सामानाची निवड चालली आहे. सूनबाईंनी मला आज सकाळी भाड्याने सामान देणाऱ्या दुकानात नेलं. तिथे काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. मी तिला सरळ सांगितलं, की मला एक कांबळं आणि एक काठी पुरे. (मास्तरांची ती कविता आठवते ना? "हळू टाक पाऊल, पांथस्था, निजले हिम हे वाटेवरी". त्या पांथस्थाकडे याहून जास्त सामान असल्याचं कवितेत कुठेही नाही.) तिने काठ्या दोन दिल्या आणि कांबळ्याच्या जागी कपड्यांचा ढीग: एक अंगाला चिकटणारा, त्यावर एक उबेचा, त्यावर एक पाणी न शिरणारा. सगळे चढवल्यावर मला हात खाली घेता येईनात. आरशात पाहिलं तर एक जाडजूड अनोळखी गृहस्थ शरण आल्यासारखा उभा.

जॅकेट मी पांढरंशुभ्र निवडलं होतं. हिमात हिम होऊन जावं, अशी कल्पना. सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे बाबा, आम्ही तुम्हाला शोधायचं कसं?" आणि त्यांनी भडक नारिंगी घेतलं. खोदलेल्या रस्त्यावर उभे करतात ना ते शंकू, तसा दिसतो मी त्यात. गंमत म्हणजे तस्संच दुसरंही घेतलं. हे कशाला, विचारलं, तर हसून म्हणाल्या, "असू दे, जोडी बरी दिसते." एक धुवायला टाकलं की दुसरं, असा हिशेब असावा. नीटनेटकी बाई आहे.

खरा तंटा शिरस्त्राणावर झाला. ते कान झाकतं. मी म्हटलं, "अगं मुली, मी कान घेऊनच तर चाललोय!" ती म्हणाली, "आजोबा, कालच एक आजोबा येऊन गेले, त्यांचाही हाच हट्ट. वर मला विचारत होते, की तू स्वतः बर्फ पाहिलायस का?" जगात आपल्यासारखी माणसं अजून शिल्लक आहेत, हे ऐकून बरं वाटलं. शेवटी तिने कान उघडे राहतील अशी लोकरी टोपी काढून दिली. तीही म्हणे शेवटचीच. दुसरी त्या आजोबांनी नेली.

मग बूट. हे बूट नव्हेत रे, पायाला घातलेल्या तिजोऱ्या आहेत. चार-चार खटके. दुकानात मी फक्त डावा घालून पाहिला. तो बसला, तेव्हा उजवाही त्याचाच भाऊ, असं समजून पुढे कवितेच्या दुसऱ्या कडव्यात शिरलो. मुलीने जोड बांधून दिला. घरी आल्यावर मात्र सूनबाईंनी अट घातली. "बाबा, बूट तुमचे तुम्हाला घालता आणि काढता आले, तरच बर्फावर. नाहीतर हॉटेलच्या खिडकीत बसून बघायचं. संध्याकाळी परीक्षा." आणि ते दुसरं जॅकेट पिशवीत घालून दोघं बाहेर गेले.

खिडकीत! काचेआडून कसला आवाज येणार? म्हणून दुपारीच सराव केला. डावा सहज गेला. उजवा कुरकुर करत, करंगळीला अंगठ्याच्या जागी ढकलत, कसाबसा गेला. त्याचे खटके आतल्या बाजूला आहेत. (नवीन पद्धत असावी.) घातले बुवा एकदाचे! खूप आनंद झाला. खोलीत चार फेऱ्या मारल्या. फरशीवर अगदी घोडा बांधल्यासारखा आवाज.

असो. इकडे बाकी सर्व क्षेम. तुझ्या कुशलाचं दोन ओळींचं उत्तर आलं तरी पुष्कळ.

तुझा बाकसोबती,
कविराज

ता. क. परीक्षेचा अर्धा भाग राहिला आहे. बूट निघत नाहीत. उजव्याचे खटके हाताला लागत नाहीत, वाकलो तर पोट मध्ये येतं, आणि पोट आवरलं तर चष्मा पडतो. हे पत्र बूट घालूनच लिहितोय. समोरून लॉंड्रीवाला तुझ्याच गल्लीत जातो, त्याच्या हाती खिडकीतून देतो. वाचल्याबरोबर निघ. मुलगा-सून यायच्या आत मला या तिजोऱ्यांतून सोडव. तुला खोटं पाडण्यासाठी तुझीच मदत मागतोय, हे मला कळतं. पण हसायचं ते नंतर हस.

ता. क. दुसरा. लॉंड्रीवाल्याला हाक मारणार, एवढ्यात फाटक वाजलं. पाहतो तर एक नारिंगी शंकू लंगडत आत येतोय. डोक्यावर कान उघडे ठेवणारी लोकरी टोपी, काखेत बूट. दुकानातली मुलगी म्हणालीच होती, आणि मी कवितेत होतो! शंकासुरा, लबाडा, तू रे? अरे, हा बूट खिडकीतून कशाला नाचवतोयस? काय म्हणतोस, तुला दोन्ही उजवेच दिलेत?

थांब, बेल दाबू नकोस. येतोय मी. तोवर कानातलं यंत्र नीट बसव. या खेपेला पुरचुंडी तुझ्या कानाशी आधी.