सकाळच्या दुधाचा सर्व्हर

७ जुलै, सोमवार

पुन्हा पडला! ऐन दूध घालायच्या वेळी. गावोगावच्या डेअऱ्यांचं ॲप आमच्या कंपनीचं. सगळीकडं दूध एकाच वेळी मोजतात, नोंदीही एकदमच येतात. सर्व्हर बसला की पावती निघत नाही. वडगावकडं आमच्या गावात आबा कॅन घेऊन ताटकळले. फोनवर म्हणाले, "तुझी कंपनी झोपली व्हय गं?" लाज वाटली. त्याहून जास्त राग आला.

८ जुलै

मीटिंग. मी सांगितलं — आपला सर्व्हर ज्या भाषेत लिहिलाय ती पीएचपी वाईट नाही. पण शाहूवाडीच्या डोंगरात रेंज धड नसते. तिकडची नोंद अर्धवट लोंबकळते आणि पीएचपीची एक प्रक्रिया तेवढा वेळ तिच्यापाशी अडकते. अशा सगळ्याच अडकल्या की बाकीच्यांना दार बंद. तो एलिक्सर भाषेत लिहू; तिच्यात प्रत्येक नोंदीला वेगळी, हलकी प्रक्रिया. एक मेली तरी शेजारची चालूच.

सर्व्हर सांभाळणारा ऋतुराज हसला. "नोड घे की. न्हाईतर जावा. त्या भाषांची माणसं तरी मिळतात. एलिक्सरला अख्ख्या कोल्हापुरात तू एकटी!"

नोडचं मान्य. लोंबकळणाऱ्या नोंदी त्यानंही पेलल्या असत्या. पण त्यात एक चूक निसटली तर सगळंच खाली बसतं. हे बोलेपर्यंत मालक, नृसिंहसर, मध्येच — "उद्या तुझं लग्न झालं की ही भाषा वाचायची कुणी?"

साखरपुडा ऋतुराजचा झालाय! त्याला कुणी विचारलं?

९ जुलै

आबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "कसली भाषा म्हणं? मराठीत लिव की मग!" दोन दिवसांत पहिल्यांदा मी हसले.

११ जुलै

संताप! ऋतुराजनं पीएचपीची चाचणी घेतली — भर दुपारी! "सगळं ओक्के." दुपारी म्हैस कोण पिळतं? ऑफिस दहाला उघडतं म्हणून चाचणीही दहानंतर! मी भांडले, चांगली मोठ्यानं. सर कंटाळून म्हणाले, "घे बाई तुझी चाचणी." मंगळवारी सकाळी निम्म्या डेअऱ्या मी घरी एलिक्सरमध्ये लिहिलेल्या सर्व्हरवर. शाहूवाडीच्याही निम्म्या.

१५ जुलै

पीएचपीवरच्या डेअऱ्या बसल्या. माझ्या चालल्या! रेंज गेली तिथली नोंद तेवढी थांबली, दुसऱ्या कुणाची नाही. ऋतुराजनं स्क्रीनवर दोन्हीकडच्या नोंदी स्वतः मोजल्या.

१६ जुलै

सर म्हणाले, "छान. पण पीएचपीच ठेवू, एक मशीन वाढवू. डेअरीवाल्यांना काय सांगू — पोरीच्या हौसेवर दूध चालवतो?"

हौस! आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी काय हौस म्हणून चढले? मला वाटायचं, नीट करून दाखवलं की माणसं ऐकतात. दाखवलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवलं! बघूनही मत बदलायचं नव्हतं, तर चाचणी घेतली कशाला? वरून ऋतुराज गप्प. एक शब्द बोलला असता तर!

१८ जुलै

राजीनामा लिहिला. सोमवारी देणार.

२१ जुलै, सोमवार

राजीनामा देण्याआधी माझा सर्व्हर बंद करायला बसले. बघते तर सगळ्या डेअऱ्या त्याच्यावरच! गुरुवार सकाळपासून. पीएचपीवर एकही नोंद नाही.

ऋतुराजला गाठलं. सरांना माहीत आहे?

"न्हाई. सर्व्हर पडला की पहाटे फोन मला येतात. सरांना न्हाई."