नोटिशीत बारावे नाव घालणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार तथा तालुका दंडाधिकारी,
तहसील कार्यालय, मालवण,
जि. सिंधुदुर्ग.

अर्जदार : सौ. यशोदा धोंडू मेथर, वय ५१, व्यवसाय शिक्षिका (गणित), रा. खाडीवाडी, मौजे कोंडवळी, ता. मालवण. सध्या मुक्काम रुग्णालय, स्त्री कक्ष, खाट क्र. ४.

विषय : शिडाच्या होड्यांच्या शर्यतीवरून शांतताभंगाची जी नोटीस अकरा इसमांना निघाली, तीत अर्जदाराचे नाव बारावे म्हणून घालणेबाबत.

संदर्भ : १) आपली दि. १२/०२/२०२५ ची नोटीस. २) शर्यतीचे नियम, एकूण सोळा.

महोदय,

अशा नोटिशीतून नाव काढून घ्यायला लोक अर्ज करतात. सदर अर्जदार नाव घालून घ्यायला अर्ज करते आहे, त्यावरून तिच्या डोक्याला मार लागला असावा असा आपला समज होईल. डोके शाबूत आहे. मार उजव्या मनगटाला व डावीकडच्या दोन बरगड्यांना आहे. अर्ज लांबला आहे, पण तो मध्येच बाजूला ठेवू नये, कारण खरी मागणी शेवटी आहे.

१. कोंडवळीत दोन वाड्या आहेत. देऊळवाडी हे अर्जदाराचे माहेर आणि खाडीवाडी हे सासर. देऊळवाडीच्या होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा म्होरक्या, शिवा सारंग हा तिचा पाठचा भाऊ. खाडीवाडीच्या होडीचा तांडेल ओंकार मेथर हा तिचा एकुलता एक मुलगा, वय २४. दोघांचा पाण्यावर ताबा पुष्कळ आणि रागावर मुळीच नाही. शर्यत समितीचे अध्यक्ष श्री. महादू पराडकर यांनी अर्जदाराला पंच नेमले. "दोनय घरचा माणूस, कोणाक बोलाक जागा नाय," असे ते म्हणाले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण अर्जदाराला ठाऊक होती. पण मान मिळत होता, म्हणून ती ऐन वेळी आठवली नाही.

२. गावात पूर्वीपासून शर्यत होई, पण नियम नसत. होड्या सुटत, पोहोचत आणि लोक ओरडत. या वर्षी शनिवार-रविवार पर्यटक येणार म्हणून समितीला कागदावर नियम हवे झाले. अर्जदाराने शहरातून छापील पुस्तक मागवले व महिनाभर बसून सोळा नियम तयार केले. सुटण्याआधी पाच मिनिटे पांढरे निशाण, एक मिनिट उरले की ते खाली. शिटीआधी रेषा ओलांडणाऱ्याने मागे वळून पुन्हा सुरुवात करावी. वाघथर नावाच्या खडकाजवळ नांगरलेले निळे पिंप डाव्या हाताला ठेवून वळावे. पिंपाला धक्का लागल्यास होडीने एक पूर्ण गिरकी घ्यावी. आक्षेप असल्यास तत्काळ लाल फडके लावावे व किनाऱ्यावर आल्यापासून तासाच्या आत लेखी द्यावे. नियम सहा असा की, जिच्या शिडात वारा उजवीकडून भरतो त्या होडीला वाट मिळेल आणि दुसरीने बाजूला व्हावे. नियम अकरा असा की, शेवटची फेरी अपुरी राहिल्यास ती पुढच्या रविवारी घेतली जाईल. हे सोळाही नियम आपल्या परवानगीला जोडलेले आहेत. अर्जदाराला त्या कागदाचा फार अभिमान होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

३. चूक पुढीलप्रमाणे झाली. नारळी पौर्णिमेला देऊळवाडीची होडी देवाचा नारळ घेऊन पुढे जाते. ती मानाची होडी. तिच्या नाळेपुढून, म्हणजे टोकासमोरून, दुसरी होडी आडवी जात नाही. त्या दिवशी नाही आणि इतर दिवशीही नाही. मासळीने भरलेली होडीसुद्धा थांबते आणि मानाच्या होडीमागून जाते. अर्जदार देऊळवाडीत जन्मली, त्यामुळे ही गोष्ट लिहावी लागते असे तिच्या मनातच आले नाही. दिवा लागल्यावर झाडू मारू नये हे कोणी लिहून ठेवते काय? मान आणि नियम सहा समोरासमोर आले तर काय करायचे, याचा सतरावा नियम हवा होता. तो नव्हता.

४. रविवार दि. ९ रोजी शेवटच्या फेरीत दोनच होड्या उरल्या. प्रत्येकीत पाच माणसे. वारा चांगला होता. निळ्या पिंपाकडे दोन्ही एकदम आल्या. ओंकारच्या शिडात वारा उजवीकडून होता, म्हणजे वाट त्याची. शिवाची होडी मानाची, म्हणजे वाट त्याची. अर्जदार पंचांच्या होडीत निशाण धरून उभी होती. ओंकारने शिवाच्या नाळेपुढून होडी घातली. शिवाला सुकाणू वळवायला पुष्कळ पाणी होते. त्याने ते वळवले, पण ओंकारच्या दिशेने.

५. देऊळवाडीची नाळ खाडीवाडीच्या होडीत हातभर घुसली. होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेली उलांडी काडकन मोडली आणि तिच्या दांड्याखाली एकाचा पाय सापडला. त्याची नडगी बाहेर आलेली अर्जदाराने स्वतः पाहिली. शिवा उभा राहून ओरडला, "ह्या नाळेफुडसून आजपर्यंत कोण गेलो नाय! तू कोण लागून गेलस रे?" ओंकार ओरडला, "नियम सहा वाच! तुज्या भयणीनच लिवल्यान तो!" आणि त्याने वल्हे उचलून मारले. ते शिवाला लागले नाही. शेजारच्याच्या कानावर बसले व कान अर्धा सुटून खाली लोंबला. मग दहाही माणसे एकमेकांवर पडली. अर्जदार शिटी वाजवत होती. तिने लाल निशाण लावले, पांढरे लावले, असतील नसतील ती सगळी निशाणे लावली. पुस्तकात याच्यापुढे काही लिहिलेले नव्हते.

६. किनाऱ्यावर तर पर्यटक मोबाईल काढून उभे होते आणि दोन्ही वाड्या नांगर, दांडे, दगड, जे हाताला लागेल ते घेऊन भिडल्या होत्या. श्री. महादू सोडवायला गेले, त्यांचे पुढचे दोन दात पडले. त्यानंतर तेही मारायला लागले, म्हणून नोटिशीतले अकरावे नाव त्यांचे आहे. सोमवारी खाडीवाडीची जाळी कोयत्याने कापलेली सापडली. त्याच संध्याकाळी देऊळवाडीचे एक इंजिन दगडाने ठेचले गेले. मंगळवारी मासळीच्या लिलावात शिवाने मोरी मासा धरायचा मोठा गळ ओंकारच्या दंडात रुतवला आणि ओढला. ओंकारने तो सर्वांसमोर पक्कडीने कापून काढला आणि म्हणाला, "आयतवारी पाण्यात भेट. थंय तुका वाचवूक किनारो नाय." शिवाने घरी जाऊन होडीच्या नाळेला लोखंडी पट्टी ठोकून घेतली. ती धार लावलेली होती. ज्या भावाला अर्जदाराने कडेवर वाढवले आणि ज्या मुलाला पोटात वाढवले, त्यांच्यापैकी एक रविवारी मरणार, हे त्या दिवशी गावातले शेंबडे पोरही सांगत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार कोणाची आणि कोणाकडे करायची?

७. नियम अकराप्रमाणे रविवारी फेरी होणे प्राप्त होते. अर्जदार श्री. महादू यांच्या पाया पडली. ते दात नसलेल्या तोंडाने म्हणाले, "बाय, नियम तुजेच. आता रडतस कित्याक?" परवानगी समितीच्या नावे असल्याने ती रद्द करण्याचा अर्जही समितीनेच करायचा, त्यासाठी सात जणांची सभा हवी आणि सात जण एका ओसरीवर बसायला तयार नाहीत. अर्जदाराने भावाला सांगितले, तर तो म्हणाला, "तू आता थंयची." मुलाला सांगितले, तर तो म्हणाला, "तू अजून थंयचीच." नवऱ्याला सांगितले, तर ते जेवून उठले आणि हात धुतले. आपली नोटीस बुधवारी सर्वांना मिळाली व सर्वांनी ती वाचून खिशात घातली. बंधपत्र शांततेचे लिहून द्यायचे होते, पण त्याची तारीख सोमवार दि. २४ ची होती आणि शर्यत त्याआधीच्या रविवारी, दि. १६ ला.

८. (हा परिच्छेद आपल्या माहितीसाठी आहे, पुराव्यासाठी नाही.) गुरुवार दि. १३ रोजी दुपारी अर्जदार शाळेतून अर्धी रजा टाकून घरी आली व कोयता घेऊन किनाऱ्यावर गेली. दुरुस्त केलेल्या दोन्ही होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या. माहेरची बाजू घेतली असे कोणी म्हणू नये म्हणून तिने आधी सासरच्या होडीचे शीड फाडले. उभे आणि आडवे, सहा वार. मग सुकाणूवर घाव घातले, ते दुभंगेपर्यंत. नंतर माहेरच्या होडीचे शीड फाडले, त्यालाही मोजून सहाच वार. देवाचा नारळ जिथे ठेवतात त्या फळीवर पाय देऊन तिने मानाच्या होडीचे सुकाणू तोडले. बाप ती फळी शिवूही देत नसे. तिला त्या वेळी भीती वाटली नाही. खरे सांगायचे तर बरे वाटले, फार बरे वाटले, आणि त्याची लाज अजून वाटते आहे.

९. माणसे धावत आली. ओंकार पहिला पोहोचला. त्याने कोयता काढून घेण्यासाठी आईचा हात पिरगाळला, तिने सोडला नाही, मनगट मोडले. पाठोपाठ शिवा आला. मानाच्या होडीकडे पाहून त्याने बहिणीला छातीवर लाथ घातली. ती खडकावर आपटली. नंतर इतरही काही लाथा आल्या, दोन्ही वाड्यांच्या. कोणाची कुठली हे वेगळे सांगता येणार नाही. त्या सर्वांच्या तोंडी शिव्या एकच होत्या. मग ती हलेना हे पाहून सगळे थांबले. तेव्हा ओंकार म्हणाला, "मामा, तू पाय धर, मी डोक्याकडसून धरतंय." शिवा म्हणाला, "हळू उचल रे, हात लोंबता तिचो." अर्जदार शुद्धीवर होती. पाच दिवसांत "मामा" हा शब्द तिने प्रथमच ऐकला. दोघांनी तिला एकाच रिक्षात घातले व दोघे दोन बाजूंना बसून रुग्णालयापर्यंत तिलाच शिव्या देत आले.

१०. येथील वैद्यकीय दाखल्यात "शेवाळलेल्या खडकावरून घसरून पडल्या" असे लिहिले आहे. ते अर्जदाराने स्वतः सांगितले असून तेच खरे मानावे.

११. शर्यत झाली नाही. रविवार उजाडला आणि मावळला, कोणी मेले नाही. दोन्ही वाड्यांनी मिळून अर्जदाराविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे. मालमत्तेची नासधूस आणि मानाच्या होडीचा अपमान. त्यावर त्रेचाळीस सह्या आहेत, त्यांत शिवाची सही आणि तिच्याखाली ओंकारची. कान तुटलेला आणि पाय मोडलेला यांच्याही सह्या आहेत. दोन्ही शिडे आता देऊळवाडीच्या एकाच पडवीत शिवायला घेतली आहेत. तेथे खाडीवाडीची माणसे सुई-दोरा घेऊन बसतात, चहा पितात, आणि अर्जदाराच्या नावाने खडे फोडतात. ही बातमी अर्जदाराला तिच्या नवऱ्याने दिली. ते इतके बोलले, हेही नवलच.

१२. मात्र काल सायंकाळी पोलीस पाटील भेटायला आले व म्हणाले, "बाई, घरातलाच भांडाण. दोन दिवसांत मिटवून टाकतंय." त्यांचा हेतू चांगला आहे. पण महोदय, हे भांडण मिटले तर त्या पडवीत उद्या कशावर बोलतील? शिडे शिवून होतील, सुकाणू बसतील, लोखंडी पट्टी नाळेवर आहेच. निळे पिंपही अजून तिथेच तरंगते आहे. माणसांना एकत्र बसायला कोणीतरी लागते, आणि या गावात सध्या ती व्यक्ती अर्जदार आहे.

सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे :

(अ) नोटिशीत अर्जदाराचे नाव घालावे. तिच्या नियमांनी सुरुवात झाली आणि कोयताही तिनेच चालवला.

(ब) अकरा इसमांची बंधपत्रे एकाच दिवशी, एकाच खोलीत, शेजारी बसवून घ्यावीत. त्यांना वाट पाहायला लावावी. ते आपसात अर्जदाराबद्दल बोलतील.

(क) अर्जदाराविरुद्धची तक्रार कोणाच्याही सांगण्यावरून मिटू देऊ नये. निदान जूनमध्ये होड्या पावसाळ्यासाठी शाकारेपर्यंत ती चालू ठेवावी. तारखा द्याव्यात. दोन्ही वाड्यांना साक्षीला बोलवावे, शक्यतो एकाच गाडीने. शाळेची नोकरी जाईल असे मुख्याध्यापक म्हणतात. तर जाऊ दे.

(ड) अर्जदाराला क्षमा करण्यास तिचा भाऊ किंवा मुलगा आपल्यासमोर आला, तर त्याला परत पाठवावे. ओंकार आज सकाळी पेज घेऊन आला होता. खाटेशी उभा राहिला, डोळे भरलेले होते. अर्जदाराने भिंतीकडे तोंड केले आणि तो जाईपर्यंत वळवले नाही. आईला हे किती दिवस जमेल, ते सांगता येत नाही. म्हणून आपण त्वरा करावी.

आपल्या हुकमाची वाट पाहत पडलेली,

(डाव्या हाताचा अंगठा)
सौ. यशोदा धोंडू मेथर
(उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने सही करता येत नाही.)

दि. १७/०२/२०२५

अर्जदाराने सांगितले तसे लिहून दिले व तिला वाचून दाखवले :
संचिता राऊळ, परिचारिका

सोबत : १) शर्यतीचे नियम, पाने ४. २) नोटिशीची प्रत. ३) दोन्ही वाड्यांच्या संयुक्त तक्रारीची प्रत, सह्या ४३. ४) वैद्यकीय दाखला, परिच्छेद १० प्रमाणे.