कोरी धरलेली पानं

१४ सप्टेंबर, दुपार

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. दादाची पाठ आता कशी आहे? मी बरी आहे. पत्र बघून दचकला असाल. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचलला असता तरी मी दादाच्या पाठीवरच बोलत बसले असते.

संग्रहालयातलं स्कॅनिंग शुक्रवारी संपतंय. जुन्या प्रसूतिगृहाच्या एकशे बारा नोंदवह्या झाल्या. ‘काम पूर्ण’ या कागदावर माझी सही झाली की यंत्रं परत जातील आणि वह्या खोक्यांत बंद होतील. कागद चार दिवस टेबलावर पडून होता. मी त्यावर पेपरवेट ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची.

नोंदींच्या मागची पानं कोरी असतात, ती वगळा, हा नियम माझा. त्याशिवाय दिवसाला सहाशे पानं होत नव्हती. तुम्ही साडेतीनशेवर अडायचात. “वन्सं, कोरं आहे की नाही ते बघायला तरी पान उलटावं लागतं ना?” तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात आणि सगळे हसले. मला ते झोंबलं. त्यातच चहाच्या वेळी कुणीतरी पुटपुटलं, “मॅडमची वहिनी आहे, तिला कोण बोलणार?” त्याच आठवड्यात मी अहवाल लिहिला: संथ, सूचना पाळत नाहीत. तुमचं काम गेलं. मी निःपक्षपाती ठरले.

परवा पाहणीला आलेल्या बाईंनी एक वही खिडकीपाशी तिरकी धरली. पुढे शाईत ‘मृत बालक’. मागे सुईणीच्या हातची फिकट पेन्सिल: आईने ठेवलेलं नाव. पान उलटलं, तर आणखी एक.

“ही पानं घेतलीत ना?”

“बघून सांगते,” मी म्हटलं.

संध्याकाळी दादाला फोनवर सांगितलं, “अरे, कुणाच्या लक्षातच आलं नाही.” वाक्य इतक्या सफाईने निघालं की तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

वहिनी, लक्षात आलं होतं. फेब्रुवारीत तुम्ही दिवा आडवा धरून मला असंच एक पान दाखवलं होतं. मी म्हणाले, “मला काही दिसत नाही.” मला दिसलं होतं. तीन अक्षरं होती. मी ती मनात वाचलीसुद्धा.

आज सकाळी संचालकांना लेखी दिलं. सही करणार नाही, मागची पानं घ्यावीच लागतील, आणि तुमच्याविषयीचा अहवाल चुकीचा होता. आधी ‘नजरचुकीने’ असं लिहिलं होतं. ते खोडून ‘माहीत असून’ केलं.

त्यांनी चष्मा काढला. “हे असंच ठेवायचं?”

“हो.”

“मग सोमवारपासून हे काम दुसरं कोणीतरी बघेल.”

तुम्हाला परत बोलावतील का, हे ते बोलले नाहीत. माझ्या शब्दाला आता काय वजन, म्हणून मीही रेटलं नाही. की तिथेही कच खाल्ली? ठरवता येत नाही.

उत्तर नाही आलं तरी चालेल. दादाला मात्र हे पत्र तुम्हीच वाचून दाखवा. मी सांगायला गेले, तर पुन्हा थोडं माझ्या बाजूने सांगेन.

तुमची अपराधी,
नणंद