चंद्राला ओवाळलेलं ताट

आई, तुझ्या भाऊबीजेला फारसं काही लागत नसे. एक निरांजन, बोटभर तूप, सुपारी, चिमूटभर अक्षता. पाट नाही, पाहुणा नाही, फराळाचं वेगळं ताट नाही. एवढ्या स्वस्तात कुणाचा सण झाला नसेल, असं मी कौतुकानं सांगत आलो. खरी किंमत यंदा कळली, तू गेल्यावर. ती किंमत म्हणजे माझा मामा.

आपल्या रिहे गावात सूर्य लवकर डोंगराआड होतो आणि बीजेची कोर त्याच्या मागोमाग. म्हणून तू घाईघाईनं खळ्यावर निघायचीस, निरांजनाला हाताचा आडोसा धरून मी मागे. कोर नखाएवढी. तू ओवाळतेस, अक्षता उडवतेस आणि म्हणतेस, "पाया पड. मामा हाय तुजा." खरा मामा कुठाय विचारलं की, "मुठ्याला, म्हायेरी, आता आपलं कुनी न्हाई." लक्ष्मी समुद्रातून निघाली, चंद्रही तिथूनच, म्हणून तो तिचा भाऊ आणि आपल्या सगळ्यांचा मामा, हे तूच शिकवलंस. तुळशीच्या लग्नात वृंदावनाशी ऊस उभा करताना म्हणालीस, "ह्यो तुळशीचा मामा." मी म्हटलं, "हिचा तरी हाताला लागतोय." तू हसलीस. त्या हसण्याचा आज राग येतो.

मांडवाच्या चार बांबूंपासून मी नेरे गावातलं मंगल कार्यालय उभं केलं ते कानांच्या जोरावर. कुठल्या पंगतीत मीठ कमी पडलं, कुठल्या खोलीत वरमाई रुसली, मला भिंतीपलीकडून कळतं. माझ्या कानाआड काही जात नाही, असं गिऱ्हाइकांना छातीठोक सांगतो. फक्त गुरुजी "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं" म्हणून पुकारतात, तेव्हा मी काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जातो. माझ्या लग्नात पाठीशी मामा म्हणून तू शेजारचा उभा केला होतास.

यंदा तुळशीची लग्नं उरकल्यावर पहिल्याच लग्नात मुठ्याची एक म्हातारी पंगतीत शेजारणीला सांगत होती, "ह्या मालकाची आई आमच्याच गावची. भाऊ हाय की तिचा अजून. लई थकलाय."

मी वाढप्याला बाजूला सारलं. "मावशे, कुनाचा भाऊ?"

"तुज्या आईचा. आरं, तुला ठावं न्हाई व्हय?"

सगळ्या रिह्याला ठाऊक होतं. मलाही असेल, असं प्रत्येकानं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुठ्याला गेलो. मामा पडवीत बसला होता. तुझंच नाक. मी कोण ते कळल्यावर बराच वेळ त्यानं हात सोडला नाही. मग म्हणाला, "दाजी गेलं तवा न्यायला आलतो. म्हनलं, पोरगं चुलत्याकडं ऱ्हाऊ दे, तू चल, तुजं दुसरं बघू. चुकलं माजं. भाऊबीज व्हती. ताट घिऊन भाईर आली, मी टोपी सावरून बसलो. माज्या म्होरनं निघून गेली आन चंद्राला ववाळलं. म्हनली, माजा भाऊ त्यो. तू परत यिऊ नगंस."

म्हणजे माझ्यासाठी तू भाऊ तोडलास. कळतं मला. पण पुढे दर वर्षी तुझ्या त्या भांडणाला मी देव समजून हात जोडत राहिलो, आणि तू जोडू दिलेस. मिसरूड फुटल्यावर तरी सांगायचंस. टाकून जायचं ठरत होतं ते मला, तर माफ करायचं की नाही हेही मला विचारायचं होतंस. मी केलं असतं, आई. मला मामा हवा होता.

निघताना त्यानं विचारलं, "माजं नाव काडायची का रं कदी?"

मी म्हटलं, "दर भाऊबीजेला."

म्हाताऱ्यानं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. हे खोटं मी तुझ्या नावावर बोललो, आणि तुला विचारलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. लिहून झालं की कपाटात टाकीन, घरात कुणाला दाखवणार नाही. त्याचं नाव काय, ते मला उंबऱ्याबाहेर आल्यावर त्याच्या सुनेला विचारावं लागलं.