लायसन दाखवा

बाई, आज शटर अर्धं खाली ओढून बसले आहे. दिवसाढवळ्या. पनवेलच्या भर बाजारात, शेजारी भांड्यांचं दुकान, समोर फुलवाल्या, आणि मी उंदरासारखी आत. बाहेर कोणाची चप्पल घासली तरी वाकून फटीतून बघते. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, "भीत जा. न भिणारी माणसं या धंद्यात लवकर आत जातात." तुमचा सल्ला मी इतक्या मनापासून पाळीन असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुमच्या स्वयंपाकघरात मी हा डिटेक्टिव्हचा धंदा शिकले. वकिलाच्या ऑफिसात जन्मभर टायपिंग केलेली बाई मेथी निवडता निवडता कायदा सांगायची आणि मी देठं गोळा करायची. दुसऱ्याच्या घरात खोटं सांगून शिरायचं नाही. रस्त्यावर माणसावर नजर ठेवता येते, त्याच्या खिडकीत डोकावता येत नाही. फोनचे कॉल रेकॉर्ड पोलिसांचं काम, आपण त्या वाटेला जायचं नाही. आणि सरकारी माणूस असल्याचं सोंग तर मेलं तरी घ्यायचं नाही. या शेवटच्यावरून तुम्ही मला कसं झापलं होतंत! मी हौसेने व्हिजिटिंग कार्डं छापून आणली होती आणि प्रेसवाल्याने स्वतःच्या मनाने वर 'सरकारमान्य' टाकलं होतं. मला ते फार भारदस्त वाटलं. तुम्ही विळी बाजूला सारलीत, कात्री घेतलीत आणि सगळा गठ्ठा माझ्यासमोर कापलात. "अगं, सरकारने आपल्याला अजून मानलेलंच नाही. वॉचमन पुरवणाऱ्यांना लायसन्स आहे, आपल्याला नाही. आपला कायदा दिल्लीत मसुदा होऊन पडलाय. आपल्याकडे आहे तो दुकानाचा दाखला. किराणावाल्याकडे असतो तोच." मी रडवेली झाले तेव्हा तुम्ही ताटात गरम भाकरी वाढलीत आणि म्हणालात की लायसन्स नाही म्हणजे मोकळं रान मिळालं असं समजू नकोस, उद्या काही झालं तर दाखवायला तुझ्याकडे काहीच नसेल. तेव्हा ते माझ्या डोक्यावरून गेलं. मी भाकरी खाल्ली.

तो मसुदा अजून तिथंच आहे, बाई. तुम्ही गेलात, मोबाईल बदलले, कॉल रेकॉर्ड विकत घेणारे काही डिटेक्टिव्ह पोलिसांनी उचलले, पण तो हलला नाही. आणि परवा एक माणूस माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "लायसन दाखवा."

जासईकडचा आहे. जमिनीचा पैसा आलेला, गळ्यात जाड चेन, पहिल्यांदा आला तेव्हा बोलायला अगदी मऊ. लेक घरातून गेली, शोधून द्या म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं ते, अजूनही मला तसंच वाटतं. "मोबाईल कुठं वाजतो ता काढा ना," म्हणाला. मी नाही म्हटलं. मग आपल्या पद्धतीनेच शोधलं. मुलीने ब्युटी पार्लरचा कोर्स केला होता. घर सोडलेली मुलगी पोटासाठी हातातलंच काम धरणार, म्हणून मी पार्लरमागून पार्लर पालथी घातली. त्या आठवड्यात माझ्या भुवया फक्त नावाला उरल्या होत्या. एका ठिकाणी खुर्चीत मान मागे टाकून बसले आणि दोरा धरणाऱ्या हातावर बापाने दिलेल्या फोटोतला तीळ दिसला. कुठे, ते इथेही लिहीत नाही.

तुमचा नियम होता की हरवलेलं माणूस सज्ञान असेल तर पत्ता आधी त्याला विचारायचा. तिला बाहेर बोलावून मी कोण, कोणी पाठवलं, सगळं सांगितलं. तिच्या दातातला दोरा तसाच लोंबत राहिला. लग्न झालं होतं, मुलगा जातीबाहेरचा. आपण मर्जीने गेल्याचं तिने पोलिसांना लिहूनही दिलं होतं. बापाने हे मला सांगितलं नव्हतं. "मॅडम, पप्पांना नका सांगू. दादा बोललाय, दिसली तर जित्ती ठेवणार नाय."

म्हणून बापाला सांगितलं, मुलगी सुखरूप आहे, पत्ता मिळणार नाही. त्यावर ते लायसन. मी भिंतीवरचा दुकानाचा दाखला दाखवला. तो हसला. "यो तं वडापाववाल्याकडंपण हाय. म्हंजे तुमी बोगस. माजी वळख हाय वरपर्यंत, आत टाकीन." मी गुन्हा केलेला नाही हे मला माहीत आहे, बाई. कलमंसुद्धा पाठ आहेत. पण तो गेल्यावर मी तो दाखला भिंतीवरून उतरवून पुन्हा वाचला.

आज सकाळी त्याची बायको आली. हातात पिशवी, तीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. मागे शटरशी तिचा मुलगा, तोच दादा, मोबाईलशी खेळत उभा. ती मोठ्याने म्हणाली, "मना पत्ता नको, ताई. लेकीची लग्नानंतरची पयली ओटी हाय, आयच्या हातची. तुमी नेऊन द्या. आजच." आईची ओटी कोण अडवणार? कोणीही बाई ही पिशवी घेऊन लगेच रिक्षात बसली असती, मीही उठलेच होते. तेवढ्यात पिशवी देताना तिने माझं मनगट धरलं. बांगड्या रुतेपर्यंत दाबलं. मुलाकडे तिची पाठ होती. ती मान हलवत होती. नाही. नाही. आणि तोंडाने म्हणत होती, "नक्की न्या हां."

"नेते," मी म्हटलं. माझा आवाज कुठून आला कोण जाणे.

ती गेली. फुलवालीच्या पलीकडे पांढरी गाडी अजून उभी आहे, इंजिन चालू. मी ओटी घेऊन निघेन आणि ते मागून येतील, एवढा साधा बेत. त्या माऊलीला घरी गेल्यावर काय सोसावं लागेल, हा विचार मनातून जात नाही. तिची पिशवी टेबलावर आहे. तिच्याकडे बघवत नाही.

मघाशी त्या मुलीला फोन केला. जवळच्या पोलीस ठाण्यात संरक्षणाचा अर्ज दे म्हटलं, काम सोड, घर आजच बदल. आईचं सगळं सांगितलं. ती खूप रडली. मग म्हणाली, "नवीन पत्ता तुमाला पाठवते मॅडम, तुमच्यावरच भरोसा हाय."

मी घाईघाईने म्हटलं, नको. मला अजिबात पाठवू नकोस. तिला वाटलं हाही काहीतरी नियम असेल, आणि ती हो म्हणाली. तसा नियम तुम्ही कधी केला नव्हता, बाई. तिच्या त्या दादाने आत येऊन माझा हात पिरगाळला असता तर मी पत्ता सांगितला असता.