हनुवटीखालचा हात

७ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं खरमरीत पत्र मिळालं. पातेलं उतरवताना मी कविता म्हणत होतो, हे सूनबाईनं तुला कळवायची काही गरज नव्हती. हो, म्हणत होतो. तिसऱ्या चरणाला उकळतं पाणी उजव्या हातावर आलं. कवितेचा त्यात काही दोष नाही.

कातडी आता भरून आलीय. पण कोपरावरचा व्रण आवळत चाललाय आणि त्याखालून जाणारी नस दाबली गेलीय. करंगळी आणि तिची शेजारीण, दोघी बधिर. सर्जन म्हणतात, महिनाभर फिजिओथेरपी करा, फरक पडला नाही तर कोपर उघडून नस मोकळी करू. उघडून म्हणे! माझं कोपर म्हणजे काय कंपासपेटी आहे?

व्यायाम शिकवणारी मुलगी नातीच्या वयाची, पण दरारा असा की मी तिला मास्तरीणबाईच म्हणतो. ती व्रणाला मलम चोळते, त्यावर घट्ट बाही चढवते. मग हात पसरून, मनगट वळवून, कोपर हलकेच वाकवून नस आतल्या आत सरकवायला लावते. लयीत करा म्हणाली, म्हणून मी मंदाक्रांता वृत्त धरलं. यतीपाशी हात ताणून भावपूर्ण थांबलो, तर ओरडलीच, आजोबा, नस ताणायची नाही, नुसती सरकवायची! आता भुजंगप्रयातावर आलोय. बरा सरपटतो.

पण फरक नाही गं. संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावर उजवं कोपर टेकून, हनुवटी तळहातावर ठेवून जुनी शाळा आठवत बसतो, तेवढाच विरंगुळा. सुरीची भीती वाटते. लोभ आहेच, तो शिव्यांतून का होईना, कळू दे.

तुझा,
धाकटा

१२ जुलै

चि. कविराजांस,
ताईचे अ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. माझं कोपर धड आहे, म्हणून मारता तरी आला.

अरे शहाण्या, नस दाबलीय ती कोपरात, आणि तू रोज तेच कोपर दगडावर टेकून वर डोकं ठेवतोस? तेही तुझं डोकं! शाळेच्या फोटोत अख्खा वर्ग हाताची घडी घालून उभा आणि तू एकटा गालाला हात लावून, दाढ दुखत असल्यासारखा. फोटोवाल्यानं तीनदा हटकलं होतं. वयाच्या पंचाहत्तरीलाही तीच पोज. त्या मुलीला हे सांगितलंयस का? नसशील तर उद्याच्या उद्या सांग, नाहीतर मी सूनबाईला फोन करून सांगते. तुझ्यावर माया आहे, अकलेवर नाही.

ताई

१९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. मास्तरीणबाई म्हणाली, आजोबा, सकाळी आपण दोघं मिळून जे कमावतो ते तुम्ही संध्याकाळी खिडकीत उडवता. कोपर वाकलं की नस ताणली जाते, वरून व्रण दाबतो, खालून कट्टा. मधे ती बिचारी काय करणार?

आता खिडकी बंद. रात्री कोपर वाकू नये म्हणून प्लास्टिकची पट्टी, दिवसा हात उशीवर सरळ. मी सहकार्य करतोय, पण ताई, हात सरळ ठेवून उदास होता येत नाही. शाळा आठवायला बसलं की फक्त गणिताचा तास आठवतो. काल राहवलं नाही, घटकाभर कट्ट्यावर टेकलोच. सर्जन चार तारखेला तपासणार आहेत. रागावलीस तरी लिहीत जा.

धाकटा

२३ जुलै

चि. कविराजांस,
अ. आ.

ऑपरेशन झालं तर मी तुझी सेवा करायला येईन आणि महिनाभर राहीन. तुझ्या सगळ्या वह्या आवरीन. आता कट्ट्यावर टेकायचं की नाही ते तू ठरव.

आणि एक. तुझ्या मागच्या पत्रातल्या ओळी उताराला लागल्या होत्या, शेवटचे चार शब्द मला लावताच आले नाहीत. मला दुसरं कुणी पत्र लिहीत नाही रे. तो हात माझ्याही कामाचा आहे.

ताई

५ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या धमकीनंतर कोपर कट्ट्याला लागलं नाही. सूनबाई साक्षीला आहे.

काल मला डोळे मिटायला लावून मास्तरीणबाईनं बोटांवरून कापूस फिरवला. अनामिकेनं लगेच ओळखलं. करंगळीवरून तिनं तो दोनदा फिरवला. तिनं विचारलं, काही कळतंय का? मी म्हटलं, बोटावर मुंगी चढलीय, आधी ती झटक. तर ती टाळ्याच वाजवायला लागली. सर्जननी मला मूठ आवळायला लावली. म्हणाले, सुरी तूर्त राहू दे, व्यायाम चालू ठेवा, दोन महिन्यांनी बघू. कोपर बंदच राहिलं! आनंदानं मी त्यांना एक कविता म्हणायला घेतली, तर त्यांना अचानक दुसरा पेशंट आठवला.

तू मात्र ये. आजारपणाशिवाय ये. वह्यांना हात लावायचा नाही.

आज सकाळी शर्टाची बटणं माझी मी लावली. पाऊण तास लागला. सूनबाई म्हणाली, बाबा, एक काज चुकलंय, एक बाजू वर गेलीय, थांबा, नीट लावून देते. मी म्हटलं, खबरदार. तसाच बाजारातून हिंडून आलो आणि भेटेल त्याला छाती दाखवली.

हे अक्षर लागलं तर तसं कळव. नाही लागलं तरी कळव.

तुझा,
धाकटा