भिंत कुठून न्यायची

२८ मार्च, शनि.
मिलिंद सकाळपासून खिडकीत. म्हटलं, बघून पाणी यायचं थांबणारे का? नदीवरचा बर्फ कडेने काळा पडलाय. ही रेड रिव्हर वाहते उत्तरेकडे, सगळं उलटंच. दक्षिणेत बर्फ आधी वितळतो, पाणी निघतं आणि इथे येतं तर नदी अजून गोठलेली. मग ते जाणार कुठे? पसरतं. अडवायला टेकाड नाही की चढ नाही, फार्गोपासून इथपर्यंत जमीन पोळपाटासारखी सपाट. घर दाखवताना एजंट बाई 'रिव्हर व्ह्यू, रिव्हर व्ह्यू' करत होती. घ्या आता व्ह्यू.

२९ मार्च, रवि.
टाउनशिपचा, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचा, रँडी आला. वाळूच्या पोत्यांची भिंत घालावीच लागेल म्हणाला. प्रश्न एवढाच की कुठून न्यायची. आमच्या आणि शेजारच्या डॉलीच्या घराच्या मधून नेली तर आखूड, उंच, पक्की. डॉलीचं घरही आत घ्यायचं तर लांब होणार, शिवाय तिचं मागचं अंगण खोलगट. पोती मिळणार तेवढीच. "युअर कॉल," म्हणाला आणि गेला. व्वा रे व्वा. आम्ही ठरवायचं!
डॉली ॲरिझोनात, लेकीकडे. ऐंशी ओलांडली, हल्ली थंडीभर तिकडेच असते. जाताना किल्ली माझ्या हातात देते.
मि. म्हणतो, "आपलं घर आधी. तीही हेच म्हणेल."
फोन केला. खरंच तेच म्हणाली. "डू व्हॉट यू हॅव टू, हनी." मग नातीच्या लग्नाच्या गप्पा. ठेवता ठेवता हळूच, "हॅरॉल्डची हत्यारं बेसमेंटमध्येच आहेत." हॅरॉल्ड तिचा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली. आता यातून मी काय समजायचं? इतका राग आला. सरळ 'माझं घर वाचव' म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

३० मार्च, सोम.
भांडण झालं ते घरातच. मि.च्या बाबांच्या अंत्यविधीला तो एकटा नागपूरला गेला होता, इथे बर्फाचं वादळ, लाइट गेलेले, आमची ईशा चार वर्षांची. कमरेएवढ्या बर्फातून डॉली आली आणि आम्हा दोघींना आपल्या घरी घेऊन गेली. हे मि.ला सांगावं लागू नये. लागलं.
शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण बुडालो तर मला बोलू नकोस."
रँडीला कळवलं, दोन्ही घरं आत.

३१ मार्च, मंगळ.
पाठ गेली. हायस्कूलची पोरं, चर्चची माणसं, आणि फार्गोहून मैत्रीण प्रज्ञा तिकडच्या आपल्या सगळ्या माणसांना घेऊन, मसालेभाताच्या पातेल्यासकट. समोरासमोर दोन रांगा, पोतं या हातातून त्या हातात. माती काळीभोर, बूट सोडत नाही, अगदी आमच्या वर्ध्याकडची. प्रज्ञा म्हणे, "चिखलच तुडवायचा होता तर व्हिसासाठी एवढं कायले केलं बाप्पा?" हसून हसून पोतं पडलं हातातून. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी घेतलेला हॉल ठेवू का कॅन्सल करू, विचारत होती. म्हटलं, ठेव.
एक लिहून ठेवते. काही पोती रात्री बाहेर राहिलेली, गोठून दगड झाली होती. रँडीने बजावलं होतं, गोठलेली लावू नका, बसत नाहीत, फटी राहतात. अंधार पडायला आला होता. मि. म्हणाला, लाव. डॉलीच्या कोपऱ्यात तीच लागली. मीही गप्प बसले.

२ एप्रिल, गुरु.
नदी कुठे आहे ते आता फक्त कॉटनवुडच्या झाडांवरून कळतं. दोन वाकड्यातिकड्या ओळी पाण्यात उभ्या, मधली ती नदी. बाकी पश्चिमेला नजर जाईल तिथवर पाणी. परवा ज्या शेतात सोयाबीनची धसकटं दिसत होती, तिथे हंस पोहतायत. रस्ता गेला. मोठाले बर्फाचे तुकडे झाडांवर आपटतात.

३ एप्रिल, शुक्र.
झालं. डॉलीच्या कोपऱ्यातून पाणी. आधी झिरपत होतं, दुपारपर्यंत धार. रँडी बोटीने आला. म्हणाला, अजून वेळ आहे, तिच्या बाजूची पोती काढा आणि मधून भिंत घाला, तुमचं घर तरी राहील.
आणि मी म्हटलं, काढू या. मीच! एवढी भांडले, आणि पाणी बघितल्यावर गेलं सगळं. लाज वाटली, पण म्हटलं.
मि. डॉलीच्या बेसमेंटमध्ये, हत्यारं वर नेत होता. जिन्यातून ओरडला, "एक पोतं हलणार नाही."
"तूच तर नको म्हणत होतास!"
"हो. पण ती गोठलेली मी लावलीत. माहीत असून लावलीत."
गॅरेजमधली मऊ पोती आतून रचत बसलो, प्लास्टिक टाकून, दोघंच. धार कमी झाली. थांबली नाही.

४ एप्रिल, शनि.
भिंत धरून आहे. डॉलीच्या बेसमेंटमध्ये पंप चालू, मि. तिथून हलत नाही. जेवण तिथेच नेऊन दिलं.
ॲन आर्बरहून ईशा फोनवर रडत होती. "आई, इट्स जस्ट अ हाउस. प्लीज लीव्ह." तिला काय सांगू, एक नाही, दोन आहेत.
डॉलीचा फोन. "इज इट स्टिल देअर?" म्हटलं, आहे. कोपऱ्याचं नाही सांगितलं. झोप लागली असती का तिला?

५ एप्रिल, रवि.
पाणी अजून चढायचंय, वर पावसाचा अंदाज. मधून भिंत घालायची वेळ गेली. आता कोपरा गेला की दोन्ही घरं जाणार. रँडी शेवटचं न्यायला आला. यानंतर बोट येईलच असं नाही, म्हणाला.
मि.ला जाऊन सांगितलं. "तू जा," म्हणे. तू जा! एवढ्या वर्षांच्या संसारात याला एवढंच कळलं. वाट्टेल ते बोलले त्याला. तो गुडघाभर पाण्यात उभा, पंपावर हात, ऐकून घेत होता. मग म्हणाला, "झालं? ती बादली दे जरा."
दिली.
बाहेर येऊन पासपोर्टची पिशवी आणि दोन बॅगा बोटीत ठेवल्या. रँडीने हात पुढे केला. म्हटलं, बॅगाच न्या.
भीती वाटतेय. खूप वाटतेय. पाऊस सुरू झालाय, डॉलीच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. खालून पंपाचा आवाज येतोय तोवर ठीक.
आत्ता तरी येतोय.